तिसरी चेटकीण

चेटकिणी तिघी होत्या.
पहिलीला संवाद होते, दुसरीला गोड हसू.
मला नाक होतं.

रबराचं, वाकडं, टोकाला तीन केसांचा मस.
पहाटे चारला डिंकाने चिकटवायचे.
शिंक आली की ते थेट
समोरच्याच्या कॉफीत.
पहिलीचं नाक खरं होतं,
म्हणून ती त्याने कांदे सोलायची दिवसभर.

तेहेतीस वर्षं झाली.
मेनच्या पार वरच्या टोकाला आमचं गाव,
नदीपलीकडे कॅनडा, अलीकडे बटाटे.
बटाटे काढायला शाळेला सुट्टी असते,
त्या सुट्टीत बॉस्टनहून सात ट्रक आले
आणि एमील सिरच्या रिकाम्या शेतात
त्यांनी विकतचे भोपळे मांडले.
एमील कुंपणाला टेकून बघत राहिला.
म्हणाला, एवढं सोपं असतं होय!

दिग्दर्शकाला उंच बाई हवी होती,
पडायला न घाबरणारी.
मी शाळेची बस चालवायचे.
अजूनही चालवते.

झाडूवर बसवून क्रेनने वर नेलं मला,
आणि तिथेच दोर अडकला.
खाली रसेल, क्रेनवाला, कळ दाबतोय,
कळ नुसती कुईकुई करतेय,
मग जेवणाची घंटा झाली
आणि सगळं युनिट सूप प्यायला गेलं.
सगळं. रसेलसुद्धा.

चाळीस मिनिटं.
खाली एमीलची एक गाय, वर मी,
दोघी एकमेकींकडे बघत.
मग माझ्या तोंडून आजीची फ्रेंच सुटली.
तीच, जी आईने शाळेत बोलली
म्हणून तिला फळ्यावर शंभर ओळी लिहायला लागल्या,
जी आईने मग घरीही बंद केली,
जी मला फक्त रागावताना येते.

कॅमेरा चालू राहिला होता.
बंद करायला कोणी नव्हतंच.

पडद्यावर आता तो मंत्र आहे.
मागे वीज चमकते, ढोल वाजतो,
सगळ्या भोपळ्यांना पाय फुटतात
आणि ते महापौराच्या मागे लागतात.
चित्रपटात कळण्यासारखं तेवढंच आहे.
बाकी गोष्ट काय, मलाही नीट सांगता येत नाही,
एक मांजर असते, ती शेवटी शिक्षिका निघते.

दर हॅलोविनला अग्निशमन केंद्राच्या भिंतीवर
चादर ताणून तो लावतात.
बंबांना बाहेर थंडीत उभं करतात.
पोरं येतात, कोणी सांगाडा, कोणी केचपची बाटली,
आणि माझा प्रसंग आला की
साठ-सत्तर गळे एका दमात म्हणतात,
उच्चार चोख, आजीला ऐकवावा असा:

अरे बटाट्याच्या रिकाम्या पोत्या,
सूप नंतर पी, आधी मला उतरव,
नाहीतर तुझ्या मिशीत कोंबड्या अंडी घालोत!

अर्थ कळणारे आता दोघेच उरलोत.
मी, आणि फादर लेव्हेक.
ते मागच्या रांगेत रुमालात तोंड खुपसून बसतात.
एमील होता तोवर तिघे होतो.
दुसरी, गोड हसूवाली, ती मागच्या वसंतात गेली.
पहिली फ्लोरिडात असते. नाताळला कार्ड पाठवते,
त्यावर माझं नाव दरवेळी वेगळं.

नाक स्वयंपाकघराच्या खणात आहे,
उंदरांनी मस खाल्ला.

परवा बसमध्ये ब्रिएल,
पहिलीतली, पुढचे दोन दात पडलेली,
माझ्या मागच्या सीटवरून पुढे झुकून म्हणाली,
तुम्ही खऱ्या आहात ना?
म्हटलं, पट्टा लाव.
लावला. मग कानाशी, हळूच:
त्या मंत्राने काय होतं?

वळण आलं होतं, समोर बटाट्यांचा ट्रॅक्टर.
मी गिअर बदलला.
म्हटलं, वर अडकलेलं माणूस खाली येतं.
पण लगेच नाही हं.
आधी त्यांचं सूप संपावं लागतं.